एक सूत कमी

मटिल्डा : पाणी नको मला, जावई. आधी हा घोडा हातात घ्या आणि काय ते सांगा.

हिरामण : काय सांगू, मटिल्डाताई? तुमचाच घोडा आहे. आलोशियसभाऊंनी बोटीवरून आणलेला. बसा तरी. वटारहून एवढ्या लांब आलात.

मटिल्डा : बसायला आले नाय. धवल, हे आमच्या प्रेमाचे नवरे, गावाचे जावई. जावई, हा धवल. माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. जुनी खेळणी जमवतो. लग्नाचं वय उलटायला आलं, पण खेळणी सुटत नाय.

धवल : नमस्ते, अंकल.

मटिल्डा : सांग यांना. काल माझ्या घरात काय बोललास ते सांग.

धवल : आंटी, मी फक्त म्हटलं की डाउट आहे.

मटिल्डा : डाउट नाय म्हटलंस. नकली म्हटलंस. माझ्या नवऱ्याच्या फोटोखाली उभा राहून नकली म्हटलंस. आता इथे कशाला जीभ जड झाली?

हिरामण : नकली कसा असेल? कोण म्हणतं?

धवल : अंकल, हे घोडे अमेरिकेत बनायचे. साठ-सत्तर सालापासून. जगात लोक हेच जमवतात. मी नेटवर बघितलं, फोटो प्रिंट करून आणलेत. हा जो पोझ आहे ना, पुढचा डावा पाय उचललेला, तो नाकापासून शेपटीपर्यंत बरोबर नऊ इंच भरतो. आंटींचा भरतो आठ इंच सात सूत.

हिरामण : म्हणजे एक सूत कमी.

धवल : हो.

हिरामण : इंचाचा आठवा भाग. एवढ्यावरून तुम्ही माणसाला नकली ठरवता?

मटिल्डा : माणसाला नाय, घोड्याला. माणसाचं मी मागून बोलणार आहे.

धवल : कसं असतं, कॉपी करणारे असली घोडा घेतात, त्याच्यावरूनच डाय, म्हणजे साचा, बनवतात, म्हणून कॉपी नेहमी...

हिरामण : मला शिकवतोस? तेवीस वर्षं प्लास्टिकच्या मशीनवर काढली मी, इथेच गोखिवऱ्यात. प्लास्टिक गरम असताना डाय भरतं आणि गार झालं की आकसतं. चांगला डायवाला ते धरूनच डाय थोडी मोठी कापतो.

धवल : आणि ज्याला घाई असते तो?

हिरामण : तो सरळ नमुन्यावरून छाप घेतो.

धवल : मग माल केवढा निघतो?

हिरामण : थोडा बारीक.

धवल : नऊ इंचाला किती बारीक, अंकल?

हिरामण : ते दाण्यावर असतं. प्लास्टिकचा कुठला दाणा वापरला त्यावर.

मटिल्डा : त्याने सरळ विचारलंय, सरळ सांगा.

हिरामण : एक सूत. सव्वा सूत. पण ताई, ऐका. जुनं प्लास्टिकही आकसतं. तुमच्या शोकेसवर दुपारचं ऊन येतं, मी बघितलंय. तीस-बत्तीस वर्षं तो तिथे उभा आहे. माणूस आकसतो बत्तीस वर्षांत.

मटिल्डा : ऐकलंस, धवल?

धवल : बरोबर आहे अंकलचं. जुने घोडे आकसतात. पण ते असे नाही आकसत. पाय वाकतात, पोट एका बाजूला फुगतं. आणि त्यांना वास येतो, शिरक्याचा. खूप जुन्या प्लास्टिकला येतोच. हा बघा, सरळ उभा आहे. सगळीकडून सारखाच लहान. वास घ्या. काहीच नाही.

हिरामण : सर्दी झालीय मला.

मटिल्डा : झालीच असेल.

धवल : आणि इथे, मागच्या पायाच्या आतल्या बाजूला कंपनीचा गोल शिक्का पाहिजे. अक्षरं वाचता येतात, असली घोड्यावर. इथे नुसता गोल आहे, तोही पुसट.

हिरामण : रंगाखाली बुजला असेल.

मटिल्डा : कुठल्या रंगाखाली?

हिरामण : त्याच्या. घोड्याच्या.

मटिल्डा : कंपनी शिक्का मारते तो वाचता येण्यासाठी मारते. मग आपल्याच रंगाने कशाला बुजवेल? या घोड्याला कुणी मागून रंग दिला, जावई?

हिरामण : प्रेमाने थोडा हात फिरवला असेल. तुम्ही प्रेमाला कारखान्यासाठी नमुना म्हणून दिलात. चार दिवस कारखान्यात राहिला. कुठे खरवडला असेल तर तिने नीट करून परत दिला असेल. कारखान्यात खेळणी रंगवायचं तिचं कामच होतं. डोळे, खूर, कपाळावरचा पट्टा. शेठ म्हणायचा, डोळे प्रेमलतानेच काढायचे.

मटिल्डा : मला बोलली नाय ती.

हिरामण : लहान गोष्ट. विसरली असेल.

मटिल्डा : प्रेमा? प्रेमा विसरणारी बाई होती? माझी लुसी किती वाजता जन्मली ते मला आठवत नाय, तिला पाठ होतं. आमची वाडी आणि त्यांची वाडी, मध्ये एक बांध. बांधावर बसून मोठ्या झालो आम्ही. म्हणून तर दिला मी घोडा. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता. नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झालेली. त्याने आणलेल्या वस्तूंत तेवढीच एक वस्तू उरली होती, बाकी सगळं खाल्लं, वापरलं, फाटलं.

हिरामण : मला माहीत आहे.

मटिल्डा : मी या धवलशी काल भांडले. म्हटलं, तुझं ते नेट चुलीत घाल, कान बघ. उजवा कान. लुसीला दात येत होते तेव्हा तिने चावला होता, टवका गेलाय. आलोशियस हसून हसून रडला होता. म्हणाला, साता समुद्रावरून आणला तो हिने खाल्ला. हा बघा, टवका आहे. मग हा दुसरा घोडा कसा असेल?

हिरामण : तेच सांगतोय मी. टवका आहे म्हणजे तुमचाच घोडा. झालं तर मग. संपला विषय.

मटिल्डा : धवल, तुझी पिशवी उघड.

धवल : आंटी, बरं वाटत नाही मला.

मटिल्डा : उघड म्हणते ना.

धवल : हा मी चार वर्षांपूर्वी निर्मळच्या जत्रेतून घेतला, अंकल. निळा. आणि हा पिवळा, शिक्षिका आहेत एक, त्यांच्या मुलाचा होता, मागून आणला. गोखिवऱ्याचाच माल आहे, दुकानदारानेच सांगितलेलं. उजवा कान बघा दोघांचा.

मटिल्डा : बघा ना, जावई. मान खाली का घातलीत?

हिरामण : दिसतंय.

मटिल्डा : तोच टवका. त्याच जागी, तेवढाच. माझ्या लुसीने निळा घोडा चावला नाय. पिवळाही चावला नाय. जत्रेतले हजार घोडे तिने एकटीने चावले असते तर तिला दात राहिले नसते.

धवल : डायमध्ये सगळं उतरतं, आंटी. नमुन्याला जे लागलेलं असतं ते सगळ्या मालाला लागतं. यावरूनच तर ओळखतात की...

मटिल्डा : कळलं मला. ज्या कानावर माझा भरवसा होता तो कानच नकलीचा पुरावा निघाला. आता सांगा, माझा घोडा कुठाय?

हिरामण : कारखान्यात बदलला असेल. शेठने ठेवून घेतला असेल. त्याचा काय नेम? नमुने तो कपाटात ठेवायचा. आता तो कारखाना राहिला नाही, शेठ गुजरातेत गेला. कुणाला विचारणार?

मटिल्डा : शेठने मला घोडा दिला नाय. प्रेमाने दिला. माझ्या हातात दिला. तिला डोळे मिटूनही कळेल एवढं कळत होतं रंगाचं. तिने ओळखला नसेल?

हिरामण : तुम्ही काय म्हणताय ते सरळ म्हणा.

मटिल्डा : म्हणते. तिने माझा घोडा ठेवला आणि मला जत्रेतला रंगवून दिला. म्हणूनच मग यायची बंद झाली. माहेरी यायची ती मागच्या पाणंदीतून यायची, आमच्या दारावरून नाय. सणाला ताट पाठवलं तर पोरीच्या हाती भांडं परत. मी आपली म्हणायचे, हिला आता शहराचं वारं लागलं. चोराचं मन होतं ते. अकरा वर्षांनी कळलं मला.

हिरामण : ताई, तिला जाऊन वर्ष होतंय रविवारी.

मटिल्डा : ठाऊक आहे. मयताला मी आले होते. तिच्या पायाला हात लावला आणि मनात म्हटलं, बघ, शेवटी मीच आले तुझ्या दारात. मोठा मोठेपणा वाटला मला माझा. आणि आज हे.

हिरामण : जे बोलायचं ते मला बोला. गेलेल्या बाईला बोलू नका.

मटिल्डा : बोलून झालं. सकाळी बळीरामकडे गेले होते.

हिरामण : बळीरामकडे? कशाला?

मटिल्डा : तिचा भाऊ आहे. वटारमध्ये राहतो. मी कुणाला सांगू मग? तिन्ही घोडे त्याच्या ओटीवर ठेवले, कान दाखवले. म्हटलं, बघ तुझ्या बहिणीचं काम.

हिरामण : काय म्हणाला?

मटिल्डा : त्याच्या बायकोने चहा आणला, तो तसाच राहिला. मग उठला आणि भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला.

हिरामण : फोटो उतरवला?

मटिल्डा : हार होता ताजा. हारासकट उतरवला आणि पेटीवर पालथा ठेवला. म्हणाला, रविवारी वर्षश्राद्धाला आमच्याकडून कुणी जाणार नाय. आमच्या घरात असं माणूस झालं नव्हतं, म्हणाला.

हिरामण : तुम्ही त्याला परत लावायला सांगा.

मटिल्डा : काय?

हिरामण : फोटो. परत लावायला सांगा त्याला.

मटिल्डा : का सांगू?

हिरामण : धवल, तू जरा बाहेर गॅलरीत उभा राहतोस?

मटिल्डा : तो कुठे जाणार नाय. त्याच्यासमोर चोर ठरली, जे काय असेल ते त्याच्यासमोरच होऊ दे.

हिरामण : तिने नाही ठेवला. ती नव्हती. मी होतो.

मटिल्डा : तुम्ही घेतलात?

हिरामण : घेतला नाही. बिघडवला. छाप घेताना पायांच्या मध्ये प्लास्टर अडकलं. घट्ट बसलं. असं प्लास्टर आम्ही गरम पाण्यात टाकून सोडवायचो. आमचा माल उकळत्या पाण्यात तासभर ठेवला तरी त्याला काही होत नाही. शंभरदा केलं होतं मी. घमेल्यात पाणी उकळलं, त्यात घोडा सोडला आणि चहाला गेलो.

धवल : अंकल, ते प्लास्टिकच वेगळं असतं. ते गरम पाण्यात...

हिरामण : आज तुला माहीत आहे. तेव्हा मला कोण सांगणार होतं? आलो तर घोडा बसलेला. चारही पाय पोटाखाली. मान एका अंगाला. मी हाताने सरळ करायला गेलो तर माझी बोटं उठली त्याच्या अंगावर.

मटिल्डा : आणि मला सांगितलं नाय.

हिरामण : डाय झाली होती. पहिला माल निघाला, त्यातला एक मी उचलला. कानाला टवका होताच. शेठला मी म्हटलं होतं, कान भरून घेऊ. तो म्हणाला, पोरं काय कान बघून घोडा घेतात? तो कान बघितला आणि मला वाटलं, देवानेच वाट काढून दिली. घरी आणला. प्रेमाला म्हटलं, रंगव.

मटिल्डा : आणि तिने रंगवला.

हिरामण : आधी नाही म्हणाली. मी म्हटलं, शेठला कळलं तर मला काढेल, अक्षया पाचवीत आहे, खोलीचे हप्ते चाललेत. मग बसली. तीन दिवस लागले तिला. तो बिघडलेला समोर ठेवून रंग जुळवायची. झाल्यावर म्हणाली, मी रंगवला, आता ताईला सांगायचं काम तुमचं.

मटिल्डा : तुम्ही काय म्हणालात?

हिरामण : सांगतो म्हणालो.

मटिल्डा : कधी?

हिरामण : नाताळ होऊन जाऊ दे, म्हणालो. मग पावसाळा होऊन जाऊ दे. मग लुसीचं लग्न ठरलं तुमच्या, म्हटलं शुभकार्यात नको. प्रत्येक वेळी कारण चांगलं होतं, ताई.

मटिल्डा : म्हणून यायची नाय ती?

हिरामण : म्हणायची, तुम्ही सांगितल्याशिवाय मी तिच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ? आणि तुमच्या मागे जाऊन सांगितलं तर तुमचं नाव मीच घालवल्यासारखं. माझं नाव सांभाळत बसली. आणि मी बसू दिलं.

मटिल्डा : घोडा परत द्यायला आली ना, त्या दिवशी मला म्हणाली, ताई, नीट बघून घे.

हिरामण : असं म्हणाली?

मटिल्डा : उजेडात नेऊन बघ, म्हणाली. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, वेडी का काय तू, तुझ्या हातून येतंय ते मी पारखून घेऊ? कानाला बोट लावलं आणि ठेवला शोकेसमध्ये. ती दारातच उभी. मीच म्हटलं, जा आता, तुझी एसटी जाईल. उभी होती ती, जावई. माझ्याकडे बघत उभी होती.

हिरामण : मला हे बोलली नाही कधी.

मटिल्डा : तुम्हाला काय बोलणार? तुम्ही पावसाळा संपायची वाट बघत होता.

हिरामण : आजारी पडली तेव्हा मी म्हटलं होतं, ताईंना बोलावू का. शेवटच्या महिन्यात.

मटिल्डा : मग?

हिरामण : म्हणाली, आधी तुम्ही जाऊन या. मी चपला घातल्या होत्या त्या दिवशी. खालच्या नाक्यापर्यंत गेलो. शहाळं घेतलं आणि परत आलो. तिने विचारलं नाही. शहाळं प्यायली.

धवल : अंकल, मी खाली जाऊन थांबतो.

मटिल्डा : थांब तू. तो बिघडलेला कुठाय? फेकला?

हिरामण : मी फेकत होतो. तिने फेकू दिला नाही. वस्तू आपली नाही, म्हणाली. तिच्या ट्रंकेत आहे. ती गेल्यापासून मी ट्रंक उघडलेली नाही.

मटिल्डा : उघडा.

(हिरामण आतल्या खोलीत जातो. बऱ्याच वेळाने जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन येतो.)

हिरामण : मीच सोडू का गाठ?

मटिल्डा : द्या इकडे. तिची गाठ मला सुटते. केवढा वास हा.

धवल : शिरका. मी म्हटलं होतं ना, आंटी. हाच ओरिजिनल. शिक्का बघा, अक्षरं वाचता येतात. या कंडिशनमध्ये सुद्धा...

मटिल्डा : एक शब्द बोलू नको.

धवल : सॉरी, आंटी.

मटिल्डा : हा कान बघा, जावई. बोट लावा. बोचतं ना? दाताची धार आहे अजून. त्या तिघांचा कान गुळगुळीत आहे. मी रोज धूळ पुसायचे आणि मला कळलं नाय. अकरा वर्षं मी जत्रेतल्या घोड्याशी बोलत होते.

हिरामण : ताई, मी माफी मागायच्या लायकीचा नाही.

मटिल्डा : मग मागू नका. मी द्यायलाही आलेले नाय. आलोशियसची वस्तू गेली ती गेली, गरम पाणी कुणाच्याही हातून पडतं. हे तेव्हाच येऊन बोलला असता तर मी दोन दिवस रडले असते, तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी प्रेमाबरोबर वाल सोलत बसले असते. घोड्याचं नाय मला. माझ्या मैत्रिणीची दहा वर्षं खाल्लीत तुम्ही.

हिरामण : हो.

मटिल्डा : आणि आज मघाशी? मघाशी काय करत होता? सर्दी झालीय म्हणे. शेठने ठेवून घेतला म्हणे. मी तिला चोर म्हटलं, तोपर्यंत ऐकून घेतलंत.

हिरामण : वाटलं, तुम्ही रागावून निघून जाल. तिला आता काय लागणार आहे, असं वाटलं.

मटिल्डा : आणि?

हिरामण : फोटो उतरवला म्हणालात. वटारच्या त्या घरात फोटोच तेवढा होता तिचा. भावाच्या घरात. तोही माझ्यामुळे पालथा.

मटिल्डा : शर्ट बदला.

हिरामण : आत्ता?

मटिल्डा : मग कधी, नाताळ झाल्यावर? सकाळी मी घाण केली, ती मी पुसणार आहे. पण मी एकटीने सांगितलं तर तो म्हणेल, ताईला दया आली. तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे त्याने.

हिरामण : तो मला घरात घेणार नाही.

मटिल्डा : नाय घेतलं तर अंगणात बोला. शेजारी ऐकतील. ऐकू देत. सकाळी माझंही ऐकलंच त्यांनी.

हिरामण : येतो मी.

मटिल्डा : थांबा. त्याच्यासमोर गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलणार?

हिरामण : की ताईंचा घोडा माझ्या हातून बिघडला.

मटिल्डा : नाय. घोड्याचं मागून. पहिलं तिचं.

हिरामण : तिचं काय?

मटिल्डा : ते तुम्हाला ठाऊक. इथे एकदा म्हणून बघा.

हिरामण : बळीराम, तुझी बहीण दहा वर्षं मला जा, सांग म्हणत होती. मीच गेलो नाही.

मटिल्डा : जरा मोठ्याने. त्याला आता हळू बोललेलं ऐकू येत नाय.